बंद डब्यातील भाग : भंडारा जिल्ह्यातील इंजिनवापर आणि निकृष्ट ऑईल फिल्टरचा प्रश्न

प्रस्तावना

यांत्रिकीकरणाचा इतिहास लिहिताना मोठी यंत्रे, मोठे कारखाने आणि मोठी धरणे यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे ती यंत्रे चालू ठेवणाऱ्या लहान भागांना मिळत नाही. एखाद्या तालुक्यात ट्रॅक्टर केव्हा आला हे शोधता येते. मात्र त्या ट्रॅक्टरचे इंजिन किती वर्षे टिकले आणि ते अकाली निकामी का झाले, याची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. ऑईल फिल्टर हा असाच एक दुर्लक्षित भाग होय. त्याची किंमत इंजिनाच्या किमतीच्या तुलनेत नगण्य असते. परंतु तो निकृष्ट असल्यास होणारी हानी संपूर्ण इंजिनाची असते. कर्ज काढून ट्रॅक्टर वा मालमोटार घेतलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने ही हानी म्हणजे एका हंगामाची मिळकत आणि थकलेले हप्ते होत.

भंडारा जिल्हा या अभ्यासासाठी अनेक दृष्टींनी योग्य ठरतो. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा आणि तलावांचा प्रदेश. तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणी. नागपूरहून रायपूरकडे जाणारा, पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाणारा आणि २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर ५३ क्रमांक मिळालेला रस्ता भंडारा, लाखनी व साकोली या गावांवरून जातो. शेती, खाण, वाळू आणि लांब पल्ल्याची मालवाहतूक अशी इंजिनवापराची चारही क्षेत्रे येथे एकत्र आढळतात. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंतचे उल्लेख अर्थातच अविभाजित जिल्ह्याला लागू आहेत.

निकृष्ट फिल्टरचा प्रश्न सामान्यतः दोन प्रकारे मांडला जातो : एक तर विक्रेत्याची फसवणूक म्हणून, नाहीतर ग्राहकाचे अज्ञान म्हणून. दोन्ही मांडण्यांत तथ्य आहे. परंतु त्या अपुऱ्या आहेत. फिल्टरची रचनाच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी बदलली की, तो पारखण्याचे मिस्त्रीच्या हाती असलेले साधन नाहीसे झाले आणि त्याची जागा घेणारी दुसरी कोणतीही व्यवस्था लहान मालकासाठी उभी राहिली नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.

ओंगणापासून इंजिनतेलापर्यंत

वंगण ही कल्पना ग्रामीण महाराष्ट्राला नवी नव्हती. बैलगाडीच्या आसाला घालावयाच्या तेलकट वंगणाला मराठीत 'ओंगण' असा स्वतंत्र शब्द आहे. ते बांबूच्या नळ्यात भरून गाडीला टांगलेले असे. चाक कुरकुरू लागले की गाडीवान उतरून ओंगण घालीत असे. म्हणजे दोषाची खूण कानाला ऐकू येई आणि उपाय हाताशी असे. वंगणात धूळ मिसळली तर ते पुसून नवे घालता येई. ही साधी गोष्ट येथे मुद्दाम नमूद करावयाची, कारण पुढील सर्व बदल तिच्याशी ताडून पाहता येतात.

रसेल यांनी संपादित केलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटिअर १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा जिल्ह्याची वाहतूक बैलगाडी आणि बंगाल-नागपूर रेल्वे यांवर चालत होती. मध्य प्रांतातील मँगनीज काढण्यासाठी १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपासून १९६२ मध्ये निर्माण झालेल्या मॅंगनीज ओअर इंडिया लिमिटेडपर्यंतचा प्रवास हा या जिल्ह्याच्या यांत्रिकीकरणाचाही प्रवास आहे. मोटार आणि तेलइंजिन यांचा प्रसार मात्र प्रामुख्याने स्वातंत्र्योत्तर काळातील होय. भंडारा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला, आणि त्याच सुमारास पुण्याच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्स (स्थापना १९४६) सारख्या कारखान्यांची तसेच राजकोटच्या लहान कारखानदारांची इंजिने देशभर पोहोचत होती.

मामा तलावांचे पाणी उताराने बांधीत घेता येत असल्याने या भागात पंपाची गरज कोरडवाहू जिल्ह्यांसारखी सार्वत्रिक नव्हती. तरीही विहिरींवर, नाल्यांच्या काठी आणि पीठ दळण्याच्या व धान कांडण्याच्या गिरण्यांमध्ये संथ गतीचे एक-सिलिंडर तेलइंजिन आले. या इंजिनाचे बेअरिंग रुंद, गती कमी आणि वंगणाची रीत ढोबळ होती. तळाच्या भांड्यातील तेल फिरत्या दांड्याने उडवायचे आणि फार तर एका तारेच्या जाळीतून गाळायचे. बाजूचे झाकण उघडले की आतील तेल, त्यातील गाळ आणि बेअरिंगची अवस्था डोळ्यांना दिसत असे. जाळी रॉकेलने धुऊन पुन्हा बसविली जाई. थोडक्यात, बैलगाडीच्या ओंगणाचा तर्क येथेही चालत होता : जे दिसते ते पारखता येते, आणि जे पारखता येते ते दुरुस्त करता येते.

धुण्याच्या जाळीपासून फेकावयाच्या डब्यापर्यंत

ऑईल फिल्टरचा जागतिक इतिहास जेमतेम शंभर वर्षांचा आहे. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहॉल यांनी १९२३ मध्ये मोटारीच्या तेलासाठी फिल्टर तयार केला. त्याचे 'प्युरोलेटर' हे नाव 'शुद्ध तेल नंतर' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून आलेले आहे. १९२४ च्या क्रायस्लर मोटारीत तो बसविण्यात आला. हे आरंभीचे फिल्टर आडवाटेचे होते. पंपाने ढकललेल्या तेलापैकी सुमारे दहावा हिस्सा त्यांतून जाऊन पुन्हा तळाच्या भांड्यात येई. उरलेले तेल न गाळता थेट बेअरिंगकडे जाई. या पद्धतीत गाळण्याचे काम संथ होई, परंतु तिचा एक मोठा गुण असा की फिल्टर तुंबला वा निकृष्ट निघाला तरी इंजिनाचा तेलपुरवठा अबाधित राहत असे. महिंद्र कंपनीने १९४७ पासून भारतात जोडणी सुरू केलेल्या जीप गाडीच्या इंजिनात अशाच जातीचा फिल्टर होता. धातूच्या मजबूत डब्याचे झाकण बोल्ट काढून उघडायचे, आतील गाळणी काढून पाहायची, डबा पुसायचा आणि नवी गाळणी बसवायची. त्या वेळी मिस्त्रीच्या हातात जुनी आणि नवी अशा दोन्ही गाळण्या एकाच वेळी असत. नव्या गाळणीचा कागद किंवा कापड पातळ आहे, घड्या कमी आहेत, टोकाची पत्री सैल आहे, हे त्याला तेथल्या तेथे कळत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंजिनांची गती व दाब वाढला, बेअरिंगमधील फटी कमी झाल्या आणि संपूर्ण तेल गाळूनच बेअरिंगकडे नेणारी पूर्ण-प्रवाही पद्धत रूढ झाली. १९५० च्या दशकात गाळणी आणि डबा एकत्र करून हाताने पिळून बसवावयाचा, वापर झाला की फेकून द्यावयाचा बंद फिल्टर आला. काम सोपे व स्वच्छ झाले, यात शंका नाही. पण या सोयीबरोबर दोन गोष्टी घडल्या, ज्यांचा विचार त्या वेळी फारसा झाला नाही. पहिली म्हणजे, इंजिनाचा संपूर्ण तेलपुरवठा आता या एकाच भागावर अवलंबून राहिला. दुसरी, गुणवत्तेची पारख करण्याजोगे जे काही होते ते रंगविलेल्या पत्र्याच्या आत गेले. बाहेरून दिसतो तो रंग, छापलेले नाव, आटे आणि रबराचे पॅकिंग. चांगला फिल्टर आणि वाईट फिल्टर यांत नेमका फरक असतो तो सोडून सर्व काही दिसते.

भारतात हा बदल टप्प्याटप्प्याने आला. जुने आणि नवे फिल्टर कित्येक वर्षे शेजारी शेजारी नांदले. गॅरेजमधील ज्ञान हे उस्तादाकडून शागिर्दाकडे हाताने दिले जाणारे ज्ञान आहे. उघडून पाहण्याची ही परंपरा बंद डब्यापाशी येऊन थांबली. त्यानंतर मिस्त्रीजवळ उरले ते बोटांवर तेल घासून पाहणे आणि डिपस्टिकवरचा रंग बघणे. यांतील दुसरी कसोटी तर दिशाभूल करणारी आहे. डिझेल इंजिनातील तेल लवकर काळे पडते ते काजळी तेलात विखरून ठेवणाऱ्या रसायनामुळे, आणि ते तेल आपले काम करीत असल्याचे लक्षण असते. तेल काळे पडले म्हणून फिल्टर वाईट, किंवा तेल पिवळे आहे म्हणून फिल्टर चांगला, हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरतात.

डब्याच्या आत काय बिघडते

फिल्टरच्या डब्यात साधारणपणे पाच-सहा घटक असतात : रेझिनमध्ये भिजवून भट्टीत पक्का केलेला गाळणी कागद, त्याला घड्या घालून बसविलेली छिद्रयुक्त धातूची नळी, दोन्ही टोकांच्या टोप्या, स्प्रिंगवर चालणारी बायपास झडप, इंजिन बंद असताना तेल परत उतरू न देणारी रबरी झडप आणि तळाची जाड पत्री. यांतील प्रत्येक ठिकाणी पैसा वाचविता येतो, आणि प्रत्येक बचतीची किंमत इंजिन मोजते.

सर्वांत सोपी बचत कागदात होते. डब्याचा आकार तोच ठेवून घड्या कमी केल्या की कागद निम्म्यावर येतो. कमी क्षेत्रफळाचा कागद लवकर तुंबतो. तुंबला की त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक वाढतो आणि साधारण एक बारच्या आसपास बायपास झडप उघडते. ही झडप आणीबाणीसाठी असते, कारण तेल न मिळण्यापेक्षा न गाळलेले तेल मिळणे बरे. परंतु फिल्टर निकृष्ट असल्यास ही आणीबाणी कायमची होते. चालकाच्या समोरील तेलदाबाचा काटा मात्र सामान्य अवस्था दाखवीत राहतो. याच्या उलट, स्प्रिंग गरजेपेक्षा कडक असेल तर झडप उघडतच नाही. कागद दाबाखाली चेपतो, फाटतो आणि त्याचे तंतू तेलवाहिन्यांत जातात. रेझिन कच्चे असेल तर तापलेल्या तेलात कागद लुळा पडून घड्या एकमेकींना चिकटतात. टोपीचा चिकटपदार्थ सुटला तर तेल कागदाला बगल देऊन जाते. हलक्या रबराची झडप उष्णतेने कडक होते. मग रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या फिल्टरमधील तेल खाली उतरते आणि सकाळी इंजिन सुरू होताच काही क्षण बेअरिंग कोरडे फिरते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात या काही क्षणांचा हिशेब फार महाग पडतो.

बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांमधील तेलाचा थर चालू इंजिनात अवघ्या काही मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाडीचा. या थराएवढे किंवा त्याहून थोडे मोठे कठीण कण सर्वाधिक हानिकारक ठरतात, कारण ते फटीत शिरू शकतात आणि शिरल्यावर दोन्ही पृष्ठभागांना एकदम ओरखडतात. जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० मायक्रॉनच्या गाळणीऐवजी ३० मायक्रॉनची गाळणी वापरल्यास इंजिनाची झीज निम्म्याने, तर १५ मायक्रॉनची वापरल्यास ७० टक्क्यांनी घटल्याचे आढळले होते. कागद किती बारीक आहे, या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीवर इंजिनाचे किती आयुष्य अवलंबून असते, हे यावरून लक्षात यावे.

आता हे कठीण कण भंडारा जिल्ह्यात येतात कोठून? वैनगंगेची वाळू प्रामुख्याने गारगोटीची, म्हणजे पोलादालाही ओरखडा पाडू शकणारी. ती भरून नागपूरकडे जाणारे टिप्पर आणि नदीपात्रात उतरणारी यंत्रे याच धुळीत चालतात. उघड्या खाणीतील धूळ डोंगरी बुजुर्गच्या परिसराला नवी नाही. पवनीजवळील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली, आणि त्यानंतर मातीकामाची अवजड यंत्रे तेथे दीर्घकाळ राबत राहिली. धानाचे स्वतःचे योगदानही लहान नाही : धानाच्या तुसाचा सुमारे पाचवा भाग राख असतो आणि त्या राखेत बहुतांश सिलिका असते. मळणीच्या दिवसांत खळ्यावर उडणारी भुकटी निरुपद्रवी दिसते, पण तिच्यात सिलिकेचा हा अंश असतोच. अर्थात बाहेरची धूळ इंजिनात शिरण्याचा पहिला दरवाजा एअर फिल्टर हा आहे. तो सैल असेल तर उत्तम ऑईल फिल्टरही फार काळ तग धरणार नाही. निकृष्ट ऑईल फिल्टरला दोष देताना ही बाब विसरता कामा नये. अनेकदा दोन्ही फिल्टर एकाच दुकानातून, एकाच दर्जाचे घेतलेले असतात.

हंगामाचाही येथे संबंध आहे. पावसाळ्यात रोवणीपूर्वी बांधीत चिखलणी करताना ट्रॅक्टरला केजव्हील लावून तासन्‌तास जड ओझ्याखाली, कमी वेगाने चालवावे लागते. पऱ्हे तयार असतात, पाणी आहे तोवर काम उरकायचे असते, दुसऱ्याच्या बांधीतील भाड्याचे कामही हातात असते. सर्व्हिसिंगची वेळ नेमकी याच दिवसांत येते आणि ती पुढे ढकलली जाते. किंवा जवळच्या गावात जो फिल्टर मिळेल तो बसवून काम निभावले जाते. इंजिन त्या हंगामात बंद पडत नाही. ते बंद पडते पुढील उन्हाळ्यात किंवा त्याही नंतर. आधी तेल खाऊ लागते, मग धूर, मग खडखड, आणि एक दिवस बेअरिंग फिरून इंजिन जाम होते. कारण व परिणाम यांत एवढे अंतर पडल्यामुळे दोष फिल्टरवर न येता चालकावर, तेलावर किंवा नशिबावर ढकलला जातो. मग क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगला जातो. तो ०.२५ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी घासला जातो आणि अशा पायऱ्या दोन-चारच असतात. प्रत्येक पायरीबरोबर इंजिनाचे उरलेले आयुष्य कमी होते.

अलीकडील इंजिनांत ही समस्या अधिक तीव्र झाली आहे. भारत स्टेज-४ मानके १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज-६ मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली. या काळात मालमोटारींचे तेल बदलण्याचे अंतर पूर्वीच्या काही हजार किलोमीटरवरून ४०,००० किलोमीटर व त्याहूनही पुढे गेले. एवढे अंतर टिकणारा फिल्टर आणि बाह्यतः तसाच दिसणारा स्वस्त फिल्टर यांतील तफावत आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाची झाली आहे.

टंचाईतून आलेली सवय

'डुप्लिकेट' हा शब्द आज निंदाव्यंजक वाटतो. परंतु स्वातंत्र्योत्तर पहिल्या तीन-चार दशकांत तो तसा नव्हता. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनंतर केवळ जोडणी करणाऱ्या परदेशी मोटार कंपन्यांना भारतातून जावे लागले. १९५७-५८ च्या परकीय चलनाच्या संकटाने आयातीवर अधिकच निर्बंध आले. रस्त्यावर वाहने होती, पण त्यांचे सुटे भाग मिळत नव्हते. अशा वेळी देशी लहान कारखान्याने बनविलेला पर्यायी भाग ही वाहनमालकाची गरज होती आणि तो बनविणारा कारागीर कौतुकास पात्र होता. मिस्त्रीचे कौशल्य नसलेल्या भागाची जागा असलेल्या भागाने भरण्यात मोजले जाई. 'कंपनीचा', 'लोकल' आणि 'डुप्लिकेट' अशा श्रेणी बाजारात रूढ झाल्या. ग्राहक आपल्या खिशाप्रमाणे त्यांतून निवड करीत असे. झाकण, पत्रा, आरसा अशा भागांबाबत ही निवड समंजस होती. बंद डब्यातील फिल्टरला तोच न्याय लावला गेला, ही खरी चूक. पण ती सवयीने झालेली चूक होती.

या टंचाईच्या काळात मोठ्या खरेदीदारांनी मात्र स्वतःसाठी संरक्षण उभारले. राज्य परिवहन उपक्रमांची संघटना १९६५ मध्ये स्थापन झाली. तिच्यामार्फत सुट्या भागांचे दरकरार होऊ लागले आणि पुरवठादारांच्या मालाची तपासणी होऊ लागली. पुण्याजवळ भोसरी येथील केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आणि पुण्यातीलच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या दोन्ही संस्था १९६० च्या दशकातील आहेत. त्यामुळे भंडारा विभागातील तुमसर, साकोली वा पवनी आगारात एस.टी. बसला बसविला जाणारा फिल्टर खरेदीच्या एका ठरावीक चाळणीतून आलेला असतो, आणि बसचे तेल वेळापत्रकानुसार बदलले जाते. त्याच आगारासमोरील रस्त्यावरून जाणाऱ्या एकट्या मालमोटारीच्या मालकापाशी यांपैकी काहीही नसते. परीक्षा घेणारी प्रयोगशाळा याच राज्यात, परंतु तिचा दरवाजा घाऊक खरेदीदारासाठी. सहकाराची एवढी मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्रात ट्रॅक्टरमालकांची सुटे भाग तपासून घेणारी सहकारी खरेदीव्यवस्था रुजली नाही, ही नवलाचीच बाब म्हणावी लागेल.

आणखी एक विसंगती येथे नोंदविण्याजोगी आहे. लाखनी तालुक्यातील गडेगाव येथे अशोक लेलँडचा गिअरबॉक्स बनविणारा कारखाना १९८२ पासून आहे आणि वरठी येथे सनफ्लॅगचा, वाहन उद्योगाला मिश्रपोलाद पुरविणारा कारखाना आहे. मायक्रॉनमध्ये मोजमाप करणारे कामगार जिल्ह्यात आहेत. परंतु ती मोजमापाची संस्कृती कारखान्याच्या कुंपणाबाहेर, महामार्गावरील गॅरेजपर्यंत पोहोचली नाही.

१९९१ नंतर टंचाई संपली. १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील संख्यात्मक निर्बंधही हटले. बाजारात फिल्टरची कमतरता उरली नाही. उलट एकाच गाडीसाठी अनेक नावांचे, अनेक किमतींचे फिल्टर मिळू लागले. दिल्लीच्या काश्मीरी गेटसारख्या मोठ्या घाऊक बाजारांतून माल नागपूरला आणि तेथून तालुक्याच्या गावी येतो. वितरणाच्या प्रत्येक पायरीवर नफा जोडला जातो. स्वस्त मालावर विक्रेत्याला मिळणारी टक्केवारी अधिक असू शकते, आणि मिस्त्रीचा वाटाही कधी कधी त्यात असतो. येथे कंपन्यांची बाजूही निर्दोष नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, सुटे भाग खुल्या बाजारात उपलब्ध न ठेवणे व स्वतंत्र गॅरेजना दुरुस्तीची माहिती नाकारणे हे स्पर्धाविरोधी ठरविले आणि उलाढालीच्या दोन टक्के दंड आकारला. हे प्रकरण पुढे अपिलात गेले व ते प्रवासी मोटारींविषयी होते. तरीही 'अस्सल' भागाची किंमत ही केवळ गुणवत्तेची किंमत नसते, हा ग्राहकाचा जुना संशय निराधार नव्हता हे त्यावरून दिसते. बाजारातील स्वतंत्र उत्पादकांचे कित्येक फिल्टर उत्तम असतात. म्हणूनच 'कंपनीचेच घ्या' हा उपदेश पुरेसा प्रामाणिक नाही.

कायदा आणि पुरावा

निकृष्ट फिल्टर आणि बनावट फिल्टर हे कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत, आणि त्यांच्यातील फरक लहान मालकाला बहुधा नुकसान झाल्यावरच कळतो. नामांकित कंपनीच्या नावाची नक्कल करणे हा व्यापारचिन्ह कायदा, १९९९ (अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून) अन्वये गुन्हा आहे. त्याच्या कलम १०३ मध्ये किमान सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. परंतु हा कायदा चिन्हाच्या मालकाचे रक्षण करतो. स्वतःच्याच नावाने विकलेला, कागद निम्मा असलेला फिल्टर त्याच्या कक्षेत येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील सुट्या भागांविषयीच्या तरतुदींचा भर ब्रेक, दिवे, काच अशा सुरक्षिततेशी निगडित भागांवर आहे. इंजिनाचे आयुष्य ही मालकाची खाजगी बाब मानली गेली.

ग्राहक संरक्षण कायदा, १९८६ ने वेगळा मार्ग खुला केला, पण त्याच्या उंबरठ्यावरच एक अडसर होता. 'व्यापारी प्रयोजनासाठी' वस्तू घेणारी व्यक्ती ग्राहक नव्हे, अशी ती तरतूद. १९९३ च्या दुरुस्तीने स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला त्यातून सूट दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात (१९९५) तिचा अर्थ स्पष्ट केला. स्वतः चालविण्यासाठी ट्रक वा रिक्षा घेणारा मनुष्य ग्राहकच आहे. त्याने एक-दोन मदतनीस ठेवले तरी त्याचा हक्क जात नाही. मात्र वाहन पूर्णपणे दुसऱ्याकडून चालवून घेणारा ग्राहक ठरत नाही. हा निर्णय ट्रकमालकाला दिलासा देणारा होता. परंतु पगारी चालकावर टिप्पर सोपविणारा मालक रेषेच्या पलीकडे गेला.

२० जुलै २०२० पासून टप्प्याटप्प्याने अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण जोडले. त्यातील 'हानी'ची व्याख्या या विषयाच्या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखी आहे. सदोष उत्पादनाने इतर मालमत्तेचे केलेले नुकसान तिच्यात येते. म्हणजे फिल्टर हे उत्पादन आणि इंजिन ही इतर मालमत्ता असे मांडता येते. मात्र व्यापारी वा आर्थिक तोटा त्या व्याख्येतून वगळला आहे, त्यामुळे रोवणीच्या दिवसांत उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची बुडालेली मजुरी या प्रकरणाखाली मागता येत नाही. कलम ८६ अधिक उपयुक्त आहे : उत्पादकाची ओळखच पटत नसेल, तर माल विकणारा दुकानदार जबाबदार ठरू शकतो. वैधमापन कायद्याखालील २०११ च्या नियमांनुसार किरकोळ विक्रीच्या वेष्टनावर उत्पादक, पॅकर वा आयातदाराचे नाव-पत्ता व कमाल किंमत छापणे बंधनकारक आहे. नावपत्ता नसलेल्या खोक्यातील फिल्टर विकणारा दुकानदार या दोन्ही कायद्यांच्या कचाट्यात सापडू शकतो.

परंतु या सर्व तरतुदी पुराव्यावर अवलंबून आहेत. १९८६ च्या कायद्याच्या कलम १३ मध्ये सदोष वस्तूचा नमुना मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठविण्याची व ४५ दिवसांत अहवाल मागविण्याची रीत होती, आणि तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराने भरावयाचे होते; २०१९ च्या कायद्यातही नमुन्याची तरतूद कायम आहे. त्यासाठी मालकाजवळ तीन गोष्टी हव्यात : फिल्टरचा बॅच क्रमांक लिहिलेले पक्के बिल, काढलेला जुना फिल्टर आणि इंजिन उघडले तेव्हाची बेअरिंगची अवस्था. कापून उघडलेला फिल्टर बरेच काही सांगतो. घड्यांची संख्या, फाटलेला कागद, उघडी अडकलेली झडप, कडक झालेले रबर, घड्यांत चमकणारी बेअरिंगच्या धातूची भुकटी. फिल्टर कापून पाहण्याचे हे काम साध्या करवतीने गावातल्या गॅरेजमध्ये होऊ शकते आणि जीपच्या काळातील मिस्त्रीला ते परके वाटले नसते. प्रत्यक्षात बिल कच्च्या चिठ्ठीवर असते किंवा नसतेच. इंजिन जाम होऊन मालक चौकशीला लागतो तोपर्यंत ज्या फिल्टरने नुकसान केले तो दोन सर्व्हिसिंगपूर्वीच गॅरेजमागील भंगाराच्या ढिगात गेलेला असतो, काढलेले तेल इतर गाड्यांच्या तेलाबरोबर पिंपात मिसळलेले असते आणि बेअरिंगचे जुने शेल बदलून क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगसाठी रवाना झालेला असतो.